उद्याकाका, पाल आणि माझे कापलेले पाय

मित्रांनो, शेवटी माझे पाय कापण्यात आले आणि सगळं सुरळीत झालं. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. तसं काहीही घडलेलं नाही. माझे पाय जागेवर आहेत, मी उंच आहे आणि आपण पहिल्यापासून सुरुवात करतो आहोत.

मी एक जुना काउंटर आहे. पोलीस ठाण्याच्या दारातून आत आलं की समोर आडवा असूनही उभा दिसतो, तो मी. मला घडवताना सुताराने विचारलं होतं, "उंची किती ठेवू?" तेव्हाचे साहेब ताडमाड. ते म्हणाले, "माझ्या छातीला लागेल एवढी. समोरच्याला जरा धाक वाटला पाहिजे." सुताराने माप घेतलं. माझं पॉलिश वाळायच्या आत साहेबांची बदली झाली. छाती गेली, उंची राहिली. बाकीच्या पोलिसांचे हात माझ्यावर पोचेनात, म्हणून मागे एक लाकडी चौथरा बांधण्यात आला. समोरच्यांसाठी काहीच बांधलं नाही. समोरचे कुठे सरकारी नोकरीत होते!

चौथऱ्यावर एक हवालदार बसत. त्यांना सगळे उद्याकाका म्हणत. माणूस वाईट नव्हता. ठाण्यातल्या मांजरीलाही ते अहो-जाहो करत. पण कुणी घरातली तक्रार घेऊन आलं की म्हणत, "समजुतीनं घ्या. उद्या या." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी रोज पाहत होतो, कारण तो उंट मीच होतो.

मला माणसं चेहऱ्याने कळत नसत. उंच पुरुष कोपर टेकवत. बुटक्या बायकांची माझ्या काठावर फक्त बोटं दिसत. त्यामुळे मी बोटं वाचायला शिकलो. एक दिवस आलेल्या बोटांपैकी एकावर अंगुस्तान होतं. शिवताना सुई टोचू नये म्हणून शिवणकाम करणाऱ्या घालतात ना, ती धातूची टोपी. घाईत काढायचं राहिलं असावं. बोटं थरथरत होती आणि अंगुस्तान माझ्यावर टकटक वाजत होतं.

"साहेब, नवरा मारतो," खालून आवाज आला.

"जरा मोठ्यानं बोला, बाई."

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. आवाज आणखी लहान झाला. "नवरा मारतो."

"तुम्ही काही बोलला असाल."

"शिवणाचं दुकान बंद कर म्हणतो. मी म्हटलं, नाही करणार."

"मग करायचं बंद थोडे दिवस. समजुतीनं घ्या. उद्या या."

मित्रांनो, ती खरंच दुसऱ्या दिवशी आली. असं कुणी करत नसे, त्यामुळे उद्याकाका गडबडले. त्यांनी नवऱ्याला बोलावून घेतलं. तो आला, दुकानाच्या फळीवर टेकवावं तसं माझ्यावर कोपर टेकवून म्हणाला, "घरचं भांडण आहे हो, साहेब. तुम्हाला बायको नाही का?" दोघंही हसले. चहा आला. बोटांना कुणी चहा विचारला नाही. ती गेली तेव्हा अंगुस्तान माझ्यावरच राहिलं. त्यानंतर ती आली नाही.

मग ठाण्याला नव्या साहेब आल्या. त्या आधी शाळेत शिकवत होत्या आणि ती सवय काही सुटलेली नव्हती. आल्या आल्या त्यांनी अंगुस्तान उचललं. "हे कुणाचं?" उद्याकाकांनी सांगितलं. "मग तिचं पुढं काय झालं?" उद्याकाकांनी माझ्याकडे पाहिलं. जसं काही मी सांगणार होतो.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात वर्ग भरला. "एकेकानं बाहेर जायचं, दारातून आत यायचं आणि घरात कशाची भीती वाटते ते या काउंटरसमोर सांगायचं. खरं सांगायचं," साहेब म्हणाल्या. पहिला नंबर उद्याकाकांचा. चौथऱ्यावर एका महिला शिपायाला बसवलं आणि काका रोज जे बोलतात तेवढंच बोलायचं, असं बजावलं.

चौथऱ्यावरून उतरल्यावर उद्याकाका चांगलेच बुटके निघाले. मला त्यांची टोपी आणि बोटं एवढंच दिसलं.

"मॅडम, इथं सगळ्यांसमोर?" टोपी म्हणाली.

"त्या बाईनं कुठं सांगितलं होतं?"

टोपी खाली झुकली. "पाल," टोपी म्हणाली.

"जरा मोठ्यानं बोला, काका," चौथऱ्यावरून उत्तर आलं.

"न्हाणीघरात पाल आहे! मी आत गेलो की सरळ अंगावर येते."

"तुम्ही काही बोलला असाल तिला."

"अहो नाही! मी नुसता आंघोळीला..."

"मग नका करू आंघोळ थोडे दिवस. समजुतीनं घ्या. उद्या या."

ठाणं हसून गडबडा लोळलं. बोटं मात्र हसत नव्हती. ती थरथरत होती आणि त्यांतली अंगठी माझ्यावर टकटक वाजत होती. तोच आवाज! मी लाकूड आहे, मला नवल वाटायचं कारण नाही. पण त्या क्षणी माझ्या फळीफळीतून शहारा गेला. एका माणसाची भीती दुसऱ्या माणसाच्या बोटांतून वाजताना मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो.

"ही बोटभर पालीची गोष्ट, काका," साहेब हळूच म्हणाल्या. "त्या बाईची भीती केवढी असेल?"

हसू थांबलं. उद्याकाका चौथऱ्यावर परत चढले नाहीत. त्यांनी अंगुस्तान खिशात घातलं, महिला शिपायाला बरोबर घेतलं आणि बाहेर पडले. परतले तेव्हा अंगुस्तान खिशातच होतं.

"भेटली?" साहेबांनी विचारलं.

"दुकानात भेटली. मी म्हटलं, माझं चुकलं, तक्रार द्या."

"मग?"

"म्हणाली, उद्या या."

ते दुसऱ्या दिवशी गेले. पुन्हा उद्या. तरी गेले. दरम्यान, जे घडलंच नाही असं आपलं ठरलं आहे, ते घडलं. सुतार आला, करवत आली, माझे पाय अर्धे झाले, चौथरा मोडला. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या खुर्च्या मांडल्या आणि बोलणं चारचौघांत होऊ नये म्हणून शेजारची खोली रिकामी केली.

आणि एका सकाळी ती आली. खुर्चीवर बसली. मित्रांनो, तिला चेहरा होता! कपाळ, डोळे, नाक, घट्ट मिटलेले ओठ, गालावर जुना हिरवट डाग आणि त्याच्या शेजारी नवा, काळानिळा. एवढं सगळं त्या बोटांच्या मागे होतं आणि माझ्या उंचीपायी इतके दिवस कुणाला दिसलं नव्हतं. डोंगर पाहून माणसं गप्प होतात म्हणे. मी तिच्याकडे पाहून झालो.

महिला शिपाई तिला शेजारच्या खोलीत घेऊन गेली. उद्याकाकाही गेले. कुणी तिला मोठ्यानं बोलायला सांगितलं नाही, तरी तिचा आवाज मला भिंतीतून ऐकू येत होता. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मग उद्या येऊ?"

"नाही, बाई," उद्याकाका टोपी घालत म्हणाले. "आत्ता. आम्हीच येतो."

नवऱ्याला आणलं. तो रुबाबात आला आणि जुन्या सवयीने त्याने कोपर टेकवलं. पण तिथे आता नुसती हवा होती. तो सपशेल आडवा झाला. माझ्या पोलीस सेवेतली ही एकमेव कामगिरी, आणि तीही मी तिथे नसल्यामुळे पार पडली.

"घरचं भांडण आहे हो, साहेब," तो फरशीवरून म्हणाला. "तुम्हाला बायको नाही का?"

"आहे," उद्याकाका म्हणाले. "पालही आहे. उठा."

त्याला कोठडीत नेलं. शिवणाचं दुकान चालू राहिलं. अंगुस्तान आता तिच्या बोटात आहे.

हल्ली उद्याकाका साहेबांबरोबर शाळाशाळांतून जातात आणि मुलांना पालीची गोष्ट सांगतात. मुलं खदाखदा हसतात. मग ते दुसरी गोष्ट सांगतात, ज्यात हसणारे ते स्वतः होते. तेव्हा कुणी हसत नाही म्हणे. म्हणून मित्रांनो, माझ्यासारख्यांना पुसा, रंगवा, खिळे ठोका, पण माणसापेक्षा उंच होऊ देऊ नका. आता माझा अर्ज तेवढा पुढे पाठवा.

प्रति, सक्षम अधिकारी. विषय: सेवानिवृत्ती. सदर काउंटरवर थरथरती बोटं येण्याचं प्रमाण कमी झालं आहे, तथापि ती अद्याप येतात. सबब विनंती की, ज्या दिवशी एकही येणार नाही, त्या दिवशी सदर काउंटरास कामाअभावी सेवामुक्त करण्यात यावे व तो दिवस लवकरात लवकर मंजूर व्हावा. निर्णय उद्या कळवू नये. आत्ता कळवावा.