कोपऱ्यावरचा माणूस

"कपडे शिवणाऱ्या दर्ज्याचं घर कुठलं?" अप्पाजींनी स्वतःलाच विचारलं, आणि टूथपेस्टचं खोकं हातात धरून ते फरशीवर तसेच बसून राहिले.

पायऱ्या लावून झाल्या होत्या. सात पायऱ्या, त्यांवर बायकोची, कनकाची, जुनी पांढरी साडी, साडीवर बाहुल्या. नवरात्रात मद्रासकडे घरोघर असा कोलू मांडतात, आणि अप्पाजींच्या घराण्यासारखी तंजावरची मराठी घरंही तो कित्येक पिढ्या मांडत आली आहेत. वर कलश, त्याखाली देव, मग राजे, मग संत, आणि शेवटच्या पायरीवर पुढ्यात वाणसामान घेऊन बसलेला ढेरपोट्या शेट्टी आणि त्याची बायको. हा क्रम कुणीही लावील. घोडं अडलं होतं ते खाली, फरशीवर.

कोलूपुढे लोक वाळू पसरून बाग करतात, मोहरी पेरून शेत करतात. कनकाने मात्र तिथे आपली गल्लीच मांडली होती. मद्रासच्या अड्यारमधली त्यांची दुसरी क्रॉस स्ट्रीट, टूथपेस्टच्या खोक्यांची आणि काडेपेट्यांची. बावीस घरं, कॉफी दळून देणाऱ्याचं दुकान, पिंपळाखालचा गणपती, कडुनिंबाखाली बटणांच्या चाकांची इस्त्रीची गाडी. शिवाय बोटाएवढी मातीची माणसं. दरवर्षी तीच गल्ली, तीच माणसं. बाहेरची खरी गल्ली बदलत गेली तरी कनकाने आपल्या गल्लीत एक काडेपेटी हलवली नाही.

आणि कुठलं खोकं कुठे जातं हे तिने कुठेही लिहून ठेवलं नव्हतं.

अप्पाजींना ते ठाऊक असायला हवं होतं. बेचाळीस वर्षं ते याच गल्लीत राहत होते. पण राहत होते म्हणजे काय, तर झोपत होते. शहराबाहेर आवडी गावी एका कारखान्यात ते हिशेबनीस. पहाटे पाचच्या बसने सेंट्रल, तिथून आवडीची गाडी, आणि परत कोपऱ्यावर बसमधून उतरायला रात्रीचे आठ. "आवडीला क्वार्टर मिळतें, जाऊं या," असं त्यांनी एकदाच म्हणून पाहिलं होतं. "तुम्ही जा. मी गल्ली सोडून येणार नाही," कनका म्हणाली, आणि विषय संपला. गल्ली तिची. ते आपले पाहुणे.

निवृत्त झाल्यावर दहा वर्षं मिळाली, तीही त्यांनी पेपर वाचण्यात घालवली. मग कनका गेली. आठ खोल्यांच्या घरात एकटा माणूस. दिवसभर बेल वाजायची नाही. बिल्डर आला तेव्हा अप्पाजींनी पैशाचं फारसं विचारलंच नाही. "किती घरं होतील?" एवढंच विचारलं. "चौदा, सार." चौदा घरं म्हणजे चौदा दारं, जिन्यावर वर्दळ, येणं-जाणं. अप्पाजींनी सही ठोकून दिली. घर गेलं. फाटक रुंद करायचं म्हणून समोरचा कडुनिंब गेला. आणि त्याच जागी उभ्या राहिलेल्या 'इंद्रनील एन्क्लेव्ह'मध्ये अप्पाजींना तळमजल्यावरचा एक फ्लॅट मिळाला. चौदा दारं होती खरी. सगळी बंद असायची.

पहिलं वर्ष दुखवट्याचं होतं, दुसरं भाड्याच्या खोलीत गेलं. यंदा कनकाचा कोलू मांडायचाच, असं त्यांनी ठरवलं होतं. मांडायचा आणि लोकांना बोलवायचं. कुणीतरी येईल, गल्लीपुढे बसेल आणि म्हणेल, अहो, दर्जी इथे नव्हे, तिथे. एवढं एक वाक्य त्यांना ऐकायचं होतं.

शेवटी त्यांनी खोकी हाताला येतील तशी लावली आणि ते बोलवायला निघाले. खरं म्हणजे कुंकवाचं बोलावणं बायकांनी करायचं. पण घरात बाई नाही, मुलगी जननी बंगलोरला. अप्पाजी इस्त्रीची वेष्टी, मद्रासी धोतर, नेसून, हातात कुंकवाची कुयरी घेऊन जिना चढले. दोन दारं उघडलीच नाहीत. एका दाराने बोलून दाखवलं, म्हणजे दारावरच्या यंत्रातून आवाज आला, "वर्गणी असेल तर ऑनलाइन पाठवतो, अंकल." अप्पाजींनी त्या यंत्राला हात जोडले.

दुसऱ्या मजल्यावर रेवा राहायची. नाशिककडची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. तिच्या दारावर मराठी पाटी पाहून अप्पाजींना हुरूप आला.

"बाहुल्या मांडल्यात घरीं. नऊ दिवस केव्हांही या. कुंकूं घ्यायास यावें," ते म्हणाले.

रेवाने कानातली फोनची बोंडं काढली. "अय्या, काका, तुम्ही मराठी? आणि किती गोड बोलता! जुन्या पोथीतल्यासारखं! थांबा हं, एक मिनिट, परत बोला ना. आईला पाठवते." तिने फोन समोर धरला.

अप्पाजी फोनकडे बघून परत बोलले. "बाहुल्या मांडल्यात घरीं. कुंकूं घ्यायास यावें."

"मस्तच! नक्की येते काका, या मीटिंगा एकदा आवरल्या की," असं म्हणून ती आत गेली. मीटिंगा नऊ दिवस आवरल्या नाहीत.

मग त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर निरोप टाकला. अकरा जणांनी जोडलेले हात पाठवले. माणूस एकही आलं नाही.

सुंदल मात्र रोज होत होतं. कोलूला येणाऱ्याला उसळ द्यायची, रोज वेगळ्या कडधान्याची. कनका दरवर्षी चाळीस जणांची करायची, आणि कमी प्रमाणात कसं करायचं हे अप्पाजींना माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी चणे, दुसऱ्या दिवशी मूग, मग चवळी, मग वाटाणे. संध्याकाळी ते दार उघडं टाकून, समई लावून खुर्चीत बसायचे. समोरून लिफ्ट वरखाली करायची. दर वेळी ती तळमजल्यावर थांबली की ते सावरून बसायचे. आत कानाला फोन लावलेलं कुणीतरी असायचं, उघड्या दाराकडे बघून ओशाळं हसायचं आणि बाहेर पडायचं. साडेआठ वाजता पातेलं वॉचमनकडे जायचं. सहाव्या दिवशी पातेलं येताना पाहून वॉचमनने पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, "उद्या नको हं, सार."

जननीने व्हिडिओवर कोलू पाहिला. "छान मांडलाय, अप्पा. कॅमेरा वर करा, खाली नुसती खोकीच दिसतायत." अप्पाजींनी कॅमेरा वर केला. तीही नववीपासून हॉस्टेलला. दर्जी कुठे राहायचा हे तिला काय ठाऊक! त्या संध्याकाळी अप्पाजींना फार एकटं वाटलं. कनका गेली त्या दिवशीही इतकं वाटलं नव्हतं, कारण त्या दिवशी घरात निदान माणसं होती.

दहावा दिवस विजयादशमीचा. संध्याकाळी आरती करायची, एक बाहुली आडवी करून निजवायची, की कोलू संपला. दुसऱ्या दिवशी आवराआवर. अप्पाजींनी सवयीने चणे शिजवले होते, यंदा पहिल्यांदाच थोडे.

चार वाजता बेल वाजली. दार तर उघडंच होतं. बाहेर चित्रा उभी होती, इस्त्रीवाली, हातात त्यांच्या सदऱ्यांचं गाठोडं. तीस वर्षं तिची गाडी कडुनिंबाखाली असायची. झाड गेल्यावर ती मेट्रोच्या कामापलीकडे, पुलाजवळ गेली. आता आठवड्यातून एकदा येऊन कपडे न्यायची.

"काल नवमीची आयुधपूजा, इस्त्रीला पूजा करून सुट्टी होती सार, म्हणून आज आले," ती तमिळमध्ये म्हणाली. गाठोडं उंबऱ्याच्या आत सरकवून ती निघालीच होती. मग तिची नजर समईकडे गेली. "अम्माचा कोलू?"

"ये. आत ये. बघ."

"नको सार. मी नाही येत." तिने मोकळ्या कपाळाला नकळत हात लावला. नवरा गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. "अम्मा दरवर्षी बोलवायची. मीच यायची नाही. मग ती वाटी घेऊन गाडीपाशी यायची."

"मीसुद्धा एकटाच आहे," अप्पाजी म्हणाले. "ये."

चित्राने चपला काढल्या, पदराला हात पुसले आणि ती आत आली. पायऱ्यांकडे तिने एकदा पाहून हात जोडले. मग तिची नजर खाली आली, आणि ती मटकन फरशीवर बसली.

"अय्यो सार! हे काय करून ठेवलंत? कॉफीवाल्याला पार गणपतीच्या डोक्यावर बसवलात!"

अप्पाजी खुर्ची सोडून पुढे आले. "तुला ठाऊक आहे?"

"मला नाही तर कुणाला? दुपारी अम्मा खोकी घेऊन माझ्या गाडीपाशी येऊन चिकटवायची. मी इस्त्री करायची, ती खळ लावायची. मांडलेली मात्र आजच बघतेय." बोलता बोलता तिचे हात चालू झाले होते. "दर्जी इथे, विहिरीला लागून. त्याच्या शेजारी नर्सबाई, रोज दोन पांढऱ्या साड्या. हे टपालवाले. हे वकील, पँटची घडी नीट पडली नाही तर परत पाठवायचे. आणि हे तुमचं घर."

एकेक घर जागेवर जात होतं, आणि अप्पाजी आपली गल्ली पहिल्यांदाच बघत होते. नर्सबाई कोण, त्यांना माहीत नव्हतं. वकील त्यांनी फक्त रविवारी पाहिले होते. ज्या घरांना ती बोट लावत होती, ती सगळी बाहेरच्या खऱ्या गल्लीत एकामागून एक पाडली गेली होती, आणि सुरुवात आपल्या सहीने झाली होती, हे त्यांना आठवलं.

"चित्रा, झाड माझ्यामुळे गेलं," ते एकदम म्हणाले.

चित्राने बटणांची गाडी उचलून त्या हिरव्या कागदाच्या झाडाखाली नीट लावली. "पुलाखाली सावली आहे, सार," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुढे म्हणाली, "धूळ फार आहे."

मग तिला मातीचा एक माणूस दिसला. हातात पिशवी, काखेत छत्री. अप्पाजींनी त्याला गणपतीजवळ उभा केला होता.

"हा टपालवाला ना?" त्यांनी विचारलं.

चित्रा हसायला लागली. तोंडावर पदर धरून ती बराच वेळ हसली. "टपालवाला? सार, हे तुम्ही! छत्री बघा ना तुमची. अम्मा तुम्हाला कोपऱ्यावर उभं करायची, बसथांब्यापाशी. मी म्हणायची, अम्मा, सार नऊ दिवस तिथेच उभे? तर म्हणायची, आठ वाजायचेत अजून. आज दहाव्या दिवशी सुट्टी असायची ना तुम्हाला? तेव्हा घरात आणायची म्हणे."

बेचाळीस वर्षं सुट्टीच्या दिवशी ते या कोलूपुढे बसून पेपर वाचत आले होते.

त्यांनी ताट आणलं. वाटीभर सुंदल, विड्याची पानं, केळं, मोगरा, हळद आणि कुंकू. ताट पुढे धरताना कुंकवाचं काय करावं ते त्यांना कळेना. त्यांनी ते काढलं नाही. चित्राने पानं आणि केळं पदरात बांधलं, मोगऱ्याचा तुकडा हातात घेतला. कुंकवाला तिने बोट लावलं आणि वाकून, बटणांच्या गाडीवर एक ठिपका उठवला. काल तिने आपल्या खऱ्या इस्त्रीवर उठवला असेल तसाच. सुंदल मात्र तिने तिथेच बसून खाल्लं.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली, आणि वाटी धुऊन पालथी घालून गेली.

दिवेलागणीला अप्पाजींनी आरती केली. राणीची लाकडी बाहुली पायरीवरून उचलली, कनका करायची तशी आडवी निजवली आणि तिच्यावर रुमाल पांघरला. मग ते मोठ्या कष्टाने फरशीवर बसले. चित्राने मातीच्या माणसाला कोपऱ्यावर, त्याच्या जागेवर नेऊन ठेवलं होतं.

लिफ्ट तळमजल्यावर थांबली, कुणीतरी उतरलं, बोलत बोलत निघून गेलं. अप्पाजींनी वर पाहिलं नाही. त्यांनी छत्रीवाल्याला उचललं, कॉफीवाल्यावरून, नर्सबाईवरून, वकिलांवरून सावकाश पुढे आणलं आणि आपल्या घरापाशी उभं केलं. त्या खोक्याला कनकाने ब्लेडने एवढंसं दार कापलेलं होतं. अप्पाजींनी ते नखाने उघडलं आणि वाकून आत पाहिलं. आत कुणी नव्हतं. त्यांनी माणसाला दारातून आत ठेवला आणि दार लोटून घेतलं.