व्हेंच्युरीमीटरचा जबाब

मी व्हेंच्युरीमीटर. नाव उच्चारताना जीभ अडखळली तर अडखळू दे. आमच्या लॅबचे मदतनीस सोनबा मला पंचवीस वर्षं ‘येंचुरी’ म्हणतात आणि मी ते ऐकून घेतो. पण मी खोटं मोजतो, हे मात्र ऐकून घेणार नाही. आणि नेमकं तेच आता लेखी आलंय. कॉलेजनं भंगारात काढायच्या वस्तूंची यादी केली. त्यात चौथ्या ओळीत माझं नाव आणि पुढे शेरा: ‘चुकीचे मापन करतो.’ म्हणून आज तोंड उघडलं. तशी मला तोंडं दोन आहेत. एकातून पाणी आत येतं, दुसऱ्यातून बाहेर जातं.

माझा जन्म १९९८ सालचा, हडपसरच्या एका शेडमधला. मी पितळेचा ओतीव ठोकळा होतो. धोंडिबा नावाच्या टर्नरनं मला लेथवर चढवलं. दोन्ही टोकांना पंचवीस मिलिमीटर आणि मधे गळा साडेबारा, असं कोरून काढलं. मग ते आत करंगळी घालून चाचपायचे आणि पुन्हा घासायचे. फोरमन शेवटी वैतागला. “पुरे हो धोंडिबा, कॉलेजात जायचंय त्याला. लग्नाला नाही.”

कात्रजच्या पुढे चढावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. तिथं फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये मला पाइपात बसवलं. माझं काम सोपं आहे, नीट ऐका. लक्ष्मी रस्ता जिथं अरुंद होतो तिथं माणसं थांबतात आणि हॉर्न वाजवत बसतात. पाणी असला आचरटपणा करत नाही. गळा अरुंद लागला की ते वेग वाढवतं, कारण मागून जेवढं येतंय तेवढं पुढं गेलंच पाहिजे. वेग वाढला की दाब उतरतो. तो किती उतरला, हे शेजारच्या काचेच्या नळीतला पारा दाखवतो आणि त्यावरून सूत्रानं पाण्याचा प्रवाह काढता येतो.

हा झाला कागदावरचा प्रवाह. खरा प्रवाह मोजायला पुढे एक चौकोनी सिमेंटची टाकी आहे. पाणी दहा सेंटिमीटर चढायला किती सेकंद लागले ते घड्याळावर बघायचं आणि टाकीच्या मापावरून हिशेब करायचा. खऱ्याला कागदावरच्यानं भागलं की जो आकडा येतो, त्याला पोरं ‘सीडी’ म्हणतात. माझी सीडी ०.९७. थोडं घर्षणात जातं, ते मी लपवत नाही. पण सीडी एकाच्या वर कधीच जाऊ शकत नाही. गेली तर पाणी माझ्या पोटात जन्मलं म्हणायचं!

करोनात लॅब दीड वर्ष बंद राहिली. टाकी कोरडी पडली आणि तिला चिरा गेल्या. कॉलेज उघडल्यावर सोनबांनी, कुणी सांगितलं नसताना, तिला आतून चांगला दीड सेंटिमीटर वॉटरप्रूफ गिलावा केला. वर टाकीवरची पुसट झालेली अक्षरंही हौसेनं नव्यानं रंगवली: ‘आतील माप ५० × ५० सें.मी.’

त्या वर्षापासून माझी सीडी एकाच्या वर यायला लागली आणि कुणाला पत्ता लागला नाही. का, तर कुणी मोजतच नव्हतं. आमच्याकडची रीत अशी: पंप सुरू करायचा, पाण्याचा आवाज होऊ द्यायचा, मागच्या बॅचचं जर्नल उघडायचं. त्यात ०.९७ आहे ना? मग तेवढंच उत्तर येईल अशा बेतानं उलटं गणित करून सेकंद लिहायचे. याला ‘रीडिंग शिजवणं’ म्हणतात. चार बॅचेसनी शिजवली आणि लॅब घेणाऱ्या माधव रिसबूड सरांनी चारही वर्षं सह्या केल्या. एखाददुसऱ्यानं चुकून खरंच मोजलं की एकाच्या वरचा आकडा यायचा, आणि सर म्हणायचे, “मीटर गेलाय कामातून.” नाचता येईना, अंगण वाकडं.

मग यंदा आम्रपाली आली. बिबवेवाडीची, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. तिचे वडील पालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्ह सोडायचं काम करतात. तिनं पाऱ्याच्या नळीतले हवेचे बुडबुडे आधी काढले. पंचवीस वर्षांत हे करणारी ही तिसरी. सहा रीडिंगं घेतली. सीडी आली १.१०. पुन्हा घेतली. पुन्हा १.१०.

तिच्या ग्रुपमधला पुष्कर म्हणाला, “अगं, चिल. पॉइंट नाइन सेव्हन धर आणि उलटं सॉल्व्ह कर. सगळे तेच करतात.”

“मला जे आलं ते मी लिहिणार.”

रिसबूड सरांनी जर्नल पाहिलं. “मॅडम, आपण नवीन विज्ञान शोधलंय. अभिनंदन. शुक्रवारपर्यंत नीट लिहून आणा, नाहीतर टर्म ग्रँट होणार नाही.” टर्म ग्रँट नाही म्हणजे परीक्षेला बसता येत नाही, वर्ष हातचं गेलं. आणि त्याच दुपारी त्यांनी यादीत माझं नाव घातलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला राग आला, फार राग आला. बोल्टनं जखडलेला होतो म्हणून, नाहीतर दाखवलं असतं.

गुरुवारी ती वडिलांची स्टीलची टेप घेऊन आली. माझे फ्लँज, म्हणजे जोडाच्या कडा, तपासल्या, पाइप तपासला. मग बाही वर करून टाकीत वाकली. सत्तेचाळीस. दुसऱ्या बाजूनं, सत्तेचाळीस.

सोनबा शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. “म्या केलं व्हय हे? टाकी गळत हुती म्हनून तर...”

“काका, तुम्ही टाकी वाचवलीत. आकडा तेवढा जुना राहिला.”

तिनं तिथंच उभ्याउभ्या गणित केलं. टाकी आतून आखडली, म्हणून पाणी लवकर चढायचं आणि पन्नास धरलं की प्रवाह उगाच जास्त दिसायचा. सत्तेचाळीस धरल्यावर सीडी ०.९७ आली. मी चार वर्षं खरंच बोलत होतो!

सरांनी तिचं पान दोनदा वाचलं. मग हळू आवाजात म्हणाले, “बाकीच्या सगळ्या फाइली तपासून झाल्यात. तू नुसतं ०.९७ लिही. मापाचं पुढच्या वर्षी बघू.”

“सर, मी दोन्ही पानं ठेवणार. एक-दहाचं पण.”

सरांनी दोन्ही पानं समोर ओढली. मग पेन काढलं. “सही करतो. एक्स्टर्नलनी विचारलं तर तुझं तू निस्तर.”

ओरलच्या दिवशी दुसऱ्या कॉलेजातून कादंबरी मॅडम परीक्षक म्हणून आल्या. आम्रपालीची दोन्ही पानं त्यांनी शांतपणे वाचली. स्वतः घड्याळ हातात धरलं, सोनबांना पंप लावायला सांगितला. मी गळा साफ असल्यासारखा वाहिलो. सत्तेचाळीस धरून सीडी आली ०.९७. मग त्यांनी बाकीच्या एकवीस फाइली एकेक करून उघडल्या. सगळीकडे टाकी पन्नासची आणि सगळीकडे सीडी ०.९७.

“हिला चुकीच्या मापानं चुकीचं उत्तर आलं, ते समजलं,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला चुकीच्या मापानं बरोबर उत्तर कसं आलं?”

पुष्करनं बुटांकडे बघितलं. पंपाचा आवाज तेवढा चालू होता. तेव्हा रिसबूड सर पुढे आले आणि म्हणाले, “सह्या माझ्या आहेत.” त्या माणसाबद्दल मला पहिल्यांदा बरं वाटलं.

आम्रपाली पास झाली. त्या एकवीस जणांना मॅडमनी परत मोजायला लावलं आणि आख्खा दिवस माझ्यातून पाणी धावत होतं.

तरीही मी चाललोय. माझ्या जागी संगणकावरचा मीटर आलाय. त्याला पाणी लागत नाही, त्याची टाकी गळत नाही, आणि ०.९७ तर न मागताच मिळतं. सरांनी यादीतला शेरा लाल पेनानं खोडला, नाव मात्र राहिलं. राहू दे. पितळ आहे, वितळेन, माझं काही अडत नाही. जुना झाला म्हणून उचलता आहात ना, खुशाल उचला. पण उचलताना कुणी ‘बिघडलेला’ म्हणालं, तर त्यानं आधी पंप लावावा, घड्याळ हातात धरावं आणि माझ्यासमोर मोजून दाखवावं.