यादीतलं पाचवं ठिकाण

१९८१ सालच्या उन्हाळी सुट्टीतली गोष्ट. मावशीने गुडघ्यावर कागद ठेवून चौथ्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि पेन्सिल पुन्हा केसांत खोचली. संग्रहालय झालं, पाणघोडा झाला, वाचनालयातली चित्रांची पुस्तकं झाली, बागेतली घसरगुंडी तर अकरा वेळा झाली. उरलं एकच : तळ्यावर होडी.

यादी ताईची, मावशीच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे छोट्या मुंगीच्या आईची. उशीला टेकून, दम घेत घेत तिने ती लिहिली होती. कुठली बस, कुठे उतरायचं, प्यायचं पाणी कुठे, सगळं. तळ्यावरच्या तिकिटांच्या खिडकीत तिची बारा वर्षं गेली होती. सुट्टीत लोक पोरं घेऊन कुठे जातात, हे तिला तोंडपाठ होतं. मावशी परगावची, तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

सकाळी ताईने तिचं मनगट धरून बजावलं होतं,

"पाचला दवाखान्याची गाडी येईल. मला उचलून नेताना मुंगीने बघता कामा नये. सहाच्या आत परत आलात तर याद राख."

"अगं, पण तिथे लहान मुलांना आत सोडत नाहीत. मग तिची नि तुझी भेट..."

"नाही व्हायची. मी काही तिथून परत येत नाही. तिला एक दिवस नीट सुट्टी मिळू दे."

नऊ वर्षांची मुंगी दिवसभर हसत होती. जरा जास्तच. पाणघोड्यापाशी म्हणाली, "मावशी, हा अगदी आंघोळीला बसलेल्या बाबांसारखा!" मावशीला हसताना रडू फुटलं, तेव्हा मुंगीने तिकडे बघितलंच नाही.

बस बदलून त्या तळ्याशी पोचल्या. तळ्यात पाणी नव्हतं. नुसता भेगाळलेला गाळ, आणि काठावर पालथ्या घातलेल्या होड्या. खिडकीवर फळी होती : 'गाळ काढण्याचे काम चालू. होड्या बंद.' अक्षर ताईचं.

"अगं बाई! ताई विसरली की काय?"

"विसरली नाही," मुंगी म्हणाली. "तिने फळी रंगवली तेव्हा मीच धरली होती. आजारी पडायच्या आधी."

"मग सकाळी बोलली का नाहीस, शहाणे?"

मुंगीने चपलेने एक खडा ढकलला.

"आज तिला मी लांब हवी होते. हे सगळ्यात लांब आहे."

मावशीने घड्याळ पाहिलं. सव्वाचार. रस्त्यापलीकडे टॅक्सी उभी होती; चालक दार उघडं टाकून पेपर वाचत होता. अर्ध्या तासात घर. मुंगी तिच्या तोंडाकडे बघत होती. काही मागत नव्हती, नुसती बघत होती.

मावशीने पदराने एका पालथ्या होडीवरची धूळ झटकली.

"बस जरा. पाय दुखले असतील."

मुंगीने मान हलवली आणि बसली. थोड्या वेळाने तिने तोंडाशी हातांचा कर्णा केला आणि खिडकीतून ताई द्यायची तशी लांबलचक हाक त्या कोरड्या तळ्याला दिली,

"सात नंबर, वेळ संपली. परत या."

दूर गाळ उपसणाऱ्या माणसाने मान वर करून पाहिलं.

त्या घरी पोचल्या तेव्हा सव्वासहा झाले होते. पलंगावरची गादीसुद्धा गुंडाळून ठेवलेली होती.

ताई नऊ दिवसांनी गेली. भाऊजींनी बदली मागून घेतली, मुंगीला घेऊन दुसऱ्या शहरात गेले आणि तिथे फारसं न बोलता म्हातारे झाले. तळं पुन्हा भरलं, होड्या मात्र आल्या नाहीत. मुंगी शाळेत शिकवू लागली. दर सुट्टीला तिचं पत्र यायचं. एकदा, चाळिशी उलटल्यावर, ती स्वतःच आली. मावशीने कपाटातून तो कागद काढून दिला. मुंगीने चार खुणांवरून बोट फिरवलं आणि पाचव्या ओळीवर थांबली.

"मावशी, आपण तळ्यावर पोचलो तेव्हा किती वाजले होते गं?"

मावशीने कागद तिच्या हातातून घेतला आणि जुन्या घड्यांवरूनच पुन्हा मिटला.

"साडेपाच होऊन गेले होते," ती म्हणाली.

मुंगीने मान हलवली. त्या दिवशी होडीवर बसण्याआधी हलवली होती, तशीच.