दोन चुली आणि साहेबांचं पान

माझा नादारीचा अर्ज नामंजूर झाला. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजावं. घरात आम्हीही तसंच समजून चाललो आहोत. आई रोज विचारते, कॉलेजातून काही कळलं का, आणि मी रोज सांगतो, अजून नाही.

तर अर्ज अजून नामंजूर व्हायचाय. मी एसेसी पास झालोय. घाटकोपरला भटवाडीच्या चाळीत आमची एक खोली आहे आणि तीत आम्ही सातजण मावतो. वडील छातीच्या दुखण्यानं गिरणीतनं घरी बसलेले. धाकूकाका भांडुपच्या कारखान्यात भट्टीवर, सगळ्यांचं पोट त्याच्या पगारावर. नादारी मिळून फी माफ झाली तर मी कॉलेजात, नाहीतर एक तारखेपासून काकाच्या शेजारी भट्टीपाशी. मुकादमाशी बोलणं झालं होतं. भट्टीचं नाव निघालं की वडील माझ्या छातीकडे बघायचे, स्वतःची विसरून.

कॉलेजातले कारकून श्यामकांत यांनी नियम सांगितला. सरकार कुटुंबाचं उत्पन्न बघतं, आणि एका चुलीवर जेवतं ते एक कुटुंब. काका धरला तर आम्ही श्रीमंत. मी म्हटलं, हे श्रीमंत लोक कुठं राहतात, एकदा भेटायचंय. ते हसले नाहीत.

"चूल वेगळी कर," ते म्हणाले. "चौकशीला साहेब येतील. त्यांना दोन चुली दिसल्या की तू गरीब."

मग आम्ही गरीब व्हायच्या मागे लागलो. खोलीच्या मधोमध साडी बांधली. अलीकडे आईची चूल, पलीकडे सुलक्षणाकाकीची. धूर मात्र एकत्र कुटुंबातला, तो साडी मानेना. जावाजावांनी एकमेकींशी बोलायचं नाही असंही ठरलं, कारण वेगळं निघालेल्यांत भांडण हवंच. दहा वर्षांत दोघी कधी भांडल्या नव्हत्या. काकी साडीआडून म्हणायची, "वयनी, मी तुझ्याशी बोलणंय नाय, पण भात किती लावू ता सांग."

साहेब आले. मार्तंडराव नाव, माणूस सभ्य, उन्हानं बेजार झालेला. दोन्ही चुली पाहिल्या, साडी पाहिली, कागदावर 'कुटुंबे दोन' असं लिहिलं आणि उठले. मी मनात कॉलेजच्या पायऱ्या चढायलाही लागलो.

तेवढ्यात आई म्हणाली, "जेवल्याशिवाय जाव नकात, साहेब."

आमच्यात जेवणाच्या वेळी दारातनं माणूस उपाशी गेला तर बायका आठवडाभर स्वतःला शिव्या देतात. वडील मोठ्यानं खोकले. तो इशारा होता. पण ते दिवसभरच खोकतात, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. काका कारखान्यात. मी आईला डोळे मोठे करून दाखवले. ती म्हणाली, डोळ्यात धूर गेला असेल, पाणी मार.

एका चुलीवर सगळं वेळेत होईना. आईनं बांगड्याचं तिखलं चढवलं, आणि साडीपलीकडे काकीनं, न सांगता न विचारता, भाताचं आधण ठेवलं.

साहेब मन लावून जेवले. दुसऱ्यांदा भात घेतला. मग घास हातात धरून त्यांनी कौतुकानं विचारलं, स्वयंपाक कुणाचा?

काकी साडी बाजूला सारून पुढं आली. इतकी खूश मी तिला तिच्या लग्नातही पाहिली नव्हती, तेव्हा मी लहान होतो. "भात माझो," ती म्हणाली. "तिखला आमच्या वयनीचा."

साहेबांचा हात थांबला. वडीलही खोकायचे थांबले. साहेबांनी ताट पूर्ण संपवलं, हात धुतले, कागद काढला आणि 'दोन' खोडलं.

"मी जेवलो नसतो तर बरं झालं असतं," ते मला जिन्यात म्हणाले. "पण आता खाल्लंय मी. खोटं कसं लिहू?"

उद्या एक तारीख. काकानं माझ्यासाठी त्याची जुनी खाकी पँट काढून ठेवलीय, आईनं ती खालून दुमडून शिवली. कशासाठी, ते तिनं विचारलं नाही. साडी अजून बांधलेलीच आहे. मी तिच्याआड बसून लिहितोय:

मा. अधिकारीसाहेब यांचे सेवेसी, अर्जदार नंदकुमार गुणाजी याची नम्र विनंती की, सदरहू दुपारचे जेवण झालेच नाही असे समजण्यात यावे. ते शक्य नसल्यास, चौकशी अधिकाऱ्यांच्या पोटातील भात एका कुटुंबाचा व तिखले दुसऱ्या कुटुंबाचे असे वेगवेगळे धरून त्याप्रमाणे फेरतपासणी व्हावी, आणि ती होईपर्यंत एक तारीख पुढे ढकलण्याचा हुकूम व्हावा.