अर्धी काळी थाळी

मित्रांनो, आधी एक गैरसमज काढून टाका. मी थाळी आहे, पण जेवायची नव्हे. ड्रमसेटमध्ये उंच दांडीवर आडवी बसवतात आणि काठीने वाजवतात, ती मी. आणि मी पितळेचीही नाही, कांस्याची आहे. हे एवढ्या फणकाऱ्याने का सांगते, ते पुढे कळेलच. मी रागावले आहे, आणि राग गिळून गोड बोलणे मला जमत नाही.

माझा जन्म दूरदेशीचा. तांबे आणि कथील एकत्र वितळवून एका कारागिराने मला हातोडीने ठोकून घडवले. त्याचे घाव अजून माझ्या अंगावर मोजता येतील. लोणावळ्याला मला आणले एका गोवेकर रेल्वे गार्डाने. तेव्हा तिथल्या रेल्वेवाल्यांच्या क्लबात शनिवारी जाझ वाजायचे. जाझमध्ये गाणे ठरलेले असते, पण ते आज कसे वाजणार हे वाजवतानाच ठरते. एकाने काही म्हणायचे, दुसऱ्याने ते ऐकून उत्तर द्यायचे.

जवळच्या भाजे गावचा निवृत्ती त्या वेळी इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, होता. गावात ढोल वाजवणारा गडी, क्लबाच्या दारात उभा राहून ऐकायचा. गार्डाने त्याला आत बोलावले, माझ्यासमोर बसवले आणि शिकवले. पुढे नोकरी संपवून गोव्याला जाताना गार्डाने मला निवृत्तीच्या हातात दिले. तेव्हापासून माझे घर भाज्याच्या पडवीत.

तिथेच एके दिवशी तळेगावचा रुचिर ड्रम शिकायला आला. तेरा वर्षांचा असेल. पहिल्याच दिवशी त्याने मला असे हाणले की शेजारच्या कोंबड्या उडाल्या.

निवृत्तीआबा हसले. म्हणाले, "ढोलाला हाणायचं, लेका. हिच्याशी बोलायचं. आन् त्याच्या आदी दुसरा काय म्हणतुया ते आयकायचं."

सहा वर्षे तो दर रविवारी मळवली स्टेशनला उतरून चालत यायचा. मग त्याने रॉक बँड काढला. गिटारींचा दणदणाट, हजारो माणसे, पोरापोरींच्या तोंडी गाणी. त्याचे सर्वांत गाजलेले गाणे तुम्हीही ऐकले असेल. त्या सगळ्या गोंगाटाखाली एक मंद, खोल किणकिण सतत चालू असते. ती मी. त्या एका गाण्यासाठी आबांनी मला चार दिवस उसने दिले होते. आणि ती लय, ते डुलत पुढे जाणे, आबांचे आहे.

एक मात्र कबूल करते, रुचिरने येणे सोडले नाही. महिन्याचा पहिला रविवार ठरलेला. तळेगावचे गंगाधर सॅक्सोफोन घेऊन यायचे. हयात लग्नाच्या बँडमध्ये गेलेली, पण जीव जाझवर. आसावरी लोणावळ्याच्या शाळेत गणित शिकवते, ती कीबोर्ड आणायची. रुचिर जोरात गेला की गंगाधर सॅक्सोफोन तोंडातून काढून म्हणत, "रुचिरराव, इथे तुमचे चाहते नाहीत. हळू."

इतके सगळे असून मुलाखतीत हा काय सांगायचा? "मी कोणाकडे शिकलो नाही. माझा मीच शिकलो." रॉकवाल्याला गुरू शोभत नाही म्हणे! पंधरा वर्षे हेच पालुपद. आबा एका शब्दाने बोलले नाहीत. माझा मात्र नुसता तिळपापड व्हायचा.

यंदा रुचिरवर माहितीपट काढायचे ठरले. या वेळी त्याने आबांना शब्द दिला, "आबा, सगळं खरं सांगणार." चित्रीकरण भाज्यातच व्हायचे होते. त्या सकाळी त्याचा मॅनेजर पवन याने आबांच्या पत्नीला, बायामावशींना, फोन केला. "मावशी, ती थाळी फार काळी दिसते. जरा चमकवून ठेवा."

मावशींनी चिंच भिजवली. देवाची पितळेची भांडी घासावीत तसे मनोभावे मला घासायला घेतले. मधोमध रेघ ओढावी तसे अर्धे अंग लख्ख झाले, तोवर आबा शेतावरून आले.

"अगं, काय केलंस हे! पन्नास वर्सांचा आवाज धुतलास की!"

"मला काय ठावं?" मावशींच्या हातात चिंचेचा चोथा तसाच राहिला. "म्या चांगलंच कराया गेलते." आणि त्या रडू लागल्या.

माझा काळेपणा हाच माझ्या आवाजाचा खर्ज होता. घासलेली बाजू आता पातळ, चिरकी वाजते. आबांना हल्ली कमी ऐकू येते. बारीक आवाज त्यांच्या कानापर्यंत पोचतच नाहीत. त्या बाजूने मला वाजवले तर आबांना मी ऐकूच येत नाही. मावशींवर माझा राग नाही. ज्याने मला कधी ऐकले नाही आणि फक्त पाहिले, त्याच्यावर आहे.

चित्रीकरण झाले. रुचिर वीस मिनिटे आबांविषयी बोलला. मी या कानांनी, म्हणजे या काठांनी, ऐकले. महिन्याने सगळी पडवीत जमली आणि एका फोनभोवती डोकी घालून तो माहितीपट पाहिला. त्यात आबांचे नाव नव्हते. मी होते, लख्ख बाजूने, चार क्षण. आणि खाली अक्षरे होती, 'एकट्याने शिकलेला ड्रमर'.

आबा म्हणाले, "थाळी झ्याक दिसतीया." आणि उठून गुरांकडे गेले.

रुचिरने तिथूनच पवनला फोन लावला. पवन म्हणाला, "सर, ते मीच काढायला लावलं. जाझ कोण बघतं? एकट्याने शिकला, हे चालतं."

रुचिर त्याला वाट्टेल ते बोलला. आसावरीने फोन ठेवेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाली, "त्याला कशाला बोलतोस? पंधरा वर्षं तूच हे सांगत आलास. त्याने तुझंच ऐकलं."

रुचिर उठला आणि आबांच्या मागे गुरांकडे गेला.

पुढच्या रविवारी लोणावळ्याच्या मैदानावर त्याचा कार्यक्रम होता. मलाही तिथे नेले होते आणि पवनने माझी चकचकीत बाजू वादकाच्या मागे लावलेल्या कॅमेऱ्याकडे केली होती. रुचिर आबांचा हात धरून मंचावर आला. मागून गंगाधर आणि आसावरी.

"हे निवृत्तीआबा. हे माझे गुरू," तो माईकवर म्हणाला. "मी एकटा शिकलो असं सांगत आलो. ते खोटं होतं."

आबा माझ्यासमोर बसले. मला दांडीवर सावकाश फिरवले आणि काळी बाजू स्वतःकडे घेतली. मग ते गाजलेले गाणे सुरू झाले, पण पडवीत वाजते तसे. पोरे ओरडली, "जोरात! जोरात!" आबांनी जोर वाढवला नाही. गंगाधरांनी सॅक्सोफोनवर काही म्हटले, मी उत्तर दिले. हळूहळू पुढची रांग गप्प झाली, मग मागची. आबांचा चेहरा सांगत होता की मी त्यांना ऐकू येत होते.

मित्रांनो, जुन्या वस्तूला घासण्याआधी तिला एकदा वाजवून पाहा. आणि ज्याने तुम्हाला शिकवले त्याचे नाव घ्यायला पंधरा वर्षे लावू नका. माझी अर्धी बाजू गेली ती गेलीच. रुचिरला हे रोज आठवावे, एवढीच माझी इच्छा आहे.

आता पडवीत पाहुणे येतात, मला पाहून नाक मुरडतात. परवा एक बाई म्हणाल्या, "ही बाजू राहिली का घासायची?" बायामावशी चुलीपुढून उठून आल्या आणि आडव्या उभ्या राहिल्या.

"हात लावू नगा. ती मळलेली न्हाई. ती वाजलेली हाय."