तीन मोजे

आमच्या घरात कडक चामड्याचे नवे बूट आधी माझ्या पायात जातात, मग ज्याचे असतील त्याच्या. हा नियम मी घातलेला आहे आणि त्यावर आजवर कोणी वाद घातलेला नाही. यजमानांच्या पश्चात पादत्राणांचे दुकान मी एकटीने चालवले. बूट चावला म्हणून माझे गिऱ्हाईक कधी परत आले नाही.

माझी नात व्यावसायिक फुटबॉलपटू आहे. शहरातल्या क्लबाकडून ती डाव्या बगलेवर खेळते. अंगकाठी लहान आणि चाल झपाझप, म्हणून संघातल्या मुलींनी तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली, आणि आता तिचे आईबापही तेच म्हणतात. मी रागावले की तिला बाईसाहेब म्हणते. तिचे पाऊल हुबेहूब माझे आहे, पुढे पसरट आणि टाचेशी निमुळते. त्यामुळे क्लबाकडून तिला बुटांचा जोड मिळाला की तो थेट माझ्याकडे येतो. मी त्याला मेण चोळते आणि जाड मोजे चढवून घरभर त्याच बुटांत वावरते. तळाच्या खुंट्यांचा फरशीवर असा टकटकाट होतो की खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य एकदा वर येऊन विचारते झाले, "घरात घोडा पाळलाय का?" दार उघडायला मी तेच बूट घालून गेले होते. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

या हंगामाच्या आरंभी एका सामन्यात मुंगीचा डावा घोटा मोडला. तो जुळेपर्यंत ती खाटेवर पडून छताकडे पाहत असे. त्या काळात क्लबाने दोन नवे जोड पाठवले. एक पलंगाखाली खोक्यात राहिला आणि दुसरा मी रुळवायला घेतला. त्यातल्या डाव्या बुटात तर मी जीव ओतला. दुखऱ्या पायाला कुठे टोचू नये म्हणून त्याला दुप्पट मेण दिले, त्याची टाच अंगठ्याने दाबून दाबून लोण्यासारखी केली. डॉक्टरांनी मैदानाची परवानगी दिली त्या दिवशी तिने त्यात पाय घातला आणि माझ्याकडे पाहिले.

"आजी, बूट घातल्यासारखं वाटतच नाही."

त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस ताठ मानेने वावरले.

मग एका सकाळी तिच्या प्रशिक्षक बाई घरी आल्या. कमी बोलणाऱ्या आहेत. चहाचा कप अर्धा झाल्यावर म्हणाल्या, "आजी, घोटा बरा आहे. पण डावा पाय घाबरतोय. चेंडू घेऊन वळायची वेळ आली की ती थबकते. शनिवारी शेवटचा सामना. त्यानंतर क्लब ठरवणार, करार वाढवायचा की तिला मोकळं करायचं."

"आमच्या घरात कोणी घाबरत नाही," मी म्हणाले.

"माणूस नाही घाबरत, पाय घाबरतो. मी तिच्या बाजूनं भांडेन हो, पण मैदानावर काहीतरी दिसायला हवं ना."

त्या गेल्यावर मी मुंगीला समोर बसवले. "भीती वाटते?"

"नाही."

"मग?"

"होईल गं ठीक," असे म्हणून ती केस बांधत राहिली. बांधलेले केस तिने सोडले आणि पुन्हा बांधले. मोकळे होणे म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होते. दुसरा क्लब मोडलेल्या घोट्याच्या मुलीला दारात उभे करणार नाही.

शुक्रवारी सूनबाई, मुंगीची आई, गॅलरीत कपडे वाळत घालत होती. "आई, ही पोर तीन पायांची झालीय का हो? सराव झाला की धुवायला तीन मोजे निघतात. उजवा एक आणि डावे दोन."

"कधीपासून?"

"नव्या बुटांपासून. मला वाटलं, थंडी वाजत असेल एकाच पायाला."

मी ते मोजे हातात घेतले. मग कोपऱ्यातला डावा बूट आणला, पातळ मोज्यावर चढवला, नाडी करकचून आवळली आणि व्हरांड्याची चौकट धरून मुंगी वळते तशी झटक्यात वळून पाहिले. बूट जागीच राहिला आणि आत माझा पाय फिरला. टाच वर उचलली गेली. सूनबाई धावत आली, "अहो आई, पडाल." मी पडले नाही, पण खुर्चीवर बसले. पाय घाबरत नव्हता. बूट पायाला धरतच नव्हता, आणि तो तसा मी केला होता.

शनिवारी सकाळी मी हाक मारली. "बाईसाहेब, इकडे या. हा बूट सैल आहे."

ती बुटाकडे पाहत राहिली. "इतका नाही."

"दोन मोजे घालूनही सैल आहे. तोंडाला कुलूप घातलं होतंस का?"

"आजी, मी पडून असायचे तेव्हा दिवसभर तुझी टकटक ऐकायचे. स्वयंपाकघर, व्हरांडा, परत माझ्या दारापर्यंत. वाटायचं, मी नाही तर नाही, माझे बूट तरी चालतायत." तिने बुटाच्या नाडीवरून बोट फिरवले. "त्या बुटांना नावं कशी ठेवू मी?"

मी तिच्या कपाळावरची बट मागे सारली आणि म्हणाले, "पलंगाखालचा जोड काढ."

"तो लाकूड आहे नुसता. फोड येतील."

"येऊ देत. चावणारा बूट निदान पायाला सोडत तरी नाही."

सामन्याला सूनबाई आणि मी पुढच्या रांगेत बसलो. पूर्वार्धात मुंगी जपूनच खेळली. सूनबाई पदराशी चाळा करत होती आणि मी तिला सरळ बसायला सांगत होते. उत्तरार्धात चेंडू डाव्या कडेला आला. समोर प्रतिस्पर्धी संघाची उंच बचावपटू होती. मुंगीने डावा पाय रोवला. तो रोवलेला मला बसल्या जागेवरून कळला, कारण माझीही टाच आपोआप जमिनीत दाबली गेली. ती वळली, उंच मुलगी भलतीकडेच गेली, आणि मुंगीने दिलेल्या चेंडूवर मधल्या मुलीने गोल केला. त्यानंतर ती स्वतःहून चेंडू मागू लागली. प्रशिक्षक बाईंनी हाताची घडी प्रथमच सोडली.

करार एका वर्षाने वाढल्याचे त्यांनी कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर सांगितले. मुंगीने मान डोलावली आणि लंगडत माझ्याकडे आली.

घरी मी तिचे पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात घेतले. डाव्या टाचेची साल पूर्ण निघाली होती. सूनबाई कापूस घेऊन उभी होती आणि तिच्याने पाहवत नव्हते.

"दुखतंय?" मी विचारले.

"खूप."

"बरं झालं." मी हलक्या हाताने टाच टिपली. माझीच टाच, फक्त कोवळी.

"आजी, पुढचा जोड आला की काय करायचं गं?"

"उजवा माझ्याकडे आण. डावा तुझा तू रुळव."

"म्हणजे तू घरभर एकाच बुटात फिरणार?"

"फिरेन. खालच्या दंतवैद्यांना तेवढं सांगून ठेव, घोडा यापुढे लंगडेल म्हणावं."