हत्यार नसलेलं दुकान

“हाऊ मरी गया, अक्का,” असं म्हणत शालिग्रामनानांनी धनकुंवरबाईंचा भालाईत पटावरून उचलला.

“मेला नाही म्हणायचं, नाना. उठला म्हणा.”

“बरं, हाऊ उठना. पन तुम्हनी डावी बाजू मोकळी पडनी ना!”

“पडू द्या,” धनकुंवरबाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा सारखा केला. नानांनी मोठ्या खुशीत आपले घोडेस्वार त्या मोकळ्या जागेत घातले, फासे टाकले, मांडीवर थाप मारली. मग बाईंनी टेकडीमागे दडवलेले तिरंदाज हळूच पुढे सरकवले. नानांची थाप तिथंच थांबली. एसटीत कंडक्टर म्हणून उभा जन्म काढलेला माणूस, फुकट्या प्रवासी लांबून ओळखणारा. पण टेकडीमागचे तिरंदाज काही त्यांना आजवर ओळखता आले नव्हते.

दुपारची वेळ होती. धुळ्याच्या आग्रा रोडवर या वेळेला गिऱ्हाईक म्हणजे देवदर्शन. केवलचंद खेळणी भांडाराच्या काउंटरवर कॅरमचा बोर्ड उलटा टाकलेला, त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या, आणि टेकड्यांमध्ये बोटाच्या पेराएवढ्या शिपायांच्या दोन फौजा. अडुसष्ट वर्षांची एक जैन विधवा आणि तिचा शेजारी लढाई खेळताहेत, हे बघून रस्त्यावरचे लोक क्षणभर थबकत आणि आपलं काही चुकलं असावं अशा चेहऱ्यानं पुढं जात.

गंमत अशी, की हे दुकान धुळ्यात प्रसिद्ध होतं ते जे मिळत नाही त्यासाठी. बाईंचे यजमान केवलचंदजी यांनी दुकान घातलं तेव्हाच ठरवलं होतं, इथं हत्यार विकायचं नाही. टिकलीचं पिस्तूल नाही, प्लॅस्टिकची तलवार नाही, पाण्याची बंदूक नाही. दसऱ्याला एका बापानं पोरासाठी मारुतीची गदा मागितली, तर म्हणे, तीही नाही. दिवाळीत समोरच्या दुकानात पिस्तुलांसाठी झुंबड उडायची आणि केवलचंदजी शांतपणे भोवरे पुसत बसायचे. त्यांच्या घरात भाजीसुद्धा कोणी कापत नसे, सुधारत असे; ‘काप’ हा शब्दच वर्ज्य. पोरांना हत्तीच्या आकाराचं बिस्किट मिळत नसे, कारण हत्तीचं डोकं चावायची भावना मनात आली की दोष लागलाच. ते गेले, पण नेम राहिला. बाईंनी तो सोन्याच्या दागिन्यासारखा जपला आणि मिरवलाही.

पण नेमावर दुकान चालत नाही. खेळणी आता मोबाईलवरून घरपोच येऊ लागली होती. मुलगा जिनेश सकाळी शटर वर करायचा आणि दिवसभर रस्त्याकडे बघत बसायचा. जळगावच्या एका पाइपच्या कारखान्यात त्याला हिशेबनिसाची नोकरी सांगून आली होती. सून हिना बोलत नव्हती, पण तिनं जळगावच्या शाळांची चौकशी केली होती, हे बाईंना कळलं होतं.

“बाई, कॉलेजची पोरं रोज एकच विचारतात,” हा पट दुकानात यायच्या आधी जिनेश एका सकाळी म्हणाला. तोही आईला गावासारखं बाईच म्हणायचा. “त्या लढाईच्या फौजा. पोरं गोळा करतात, रंगवतात, टेबल मांडून खेळतात. धुळ्यात कोणी ठेवत नाही, नाशिकहून मागवतात. आपण ठेवल्या तर दुकान तगेल. नाहीतर दिवाळीनंतर मी जळगावला जातो. आता तूच सांग.”

“फौजा म्हणजे हत्यारं आली.”

“आली. म्हणून तर तुला विचारतोय.”

नाही म्हटलं तर नवऱ्याचं दुकान जाणार, हो म्हटलं तर नवऱ्याचा शब्द जाणार. जिनेशला वाटलं, आता डोळ्याला पदर लागेल. पण धनकुंवरबाई त्या जातीच्या नव्हत्या.

“किती प्रकारच्या आहेत?”

“मुख्य दोन, दोन कंपन्यांच्या. वज्रसेना आणि कालदुर्ग. पोरं आपसात भांडतात त्यावरून.”

“दोन्ही आण. माल हातात घेतल्याशिवाय मी कशालाच हो-ना म्हणत नाही.”

दोन्ही आल्या. बाईंनी बाजारात साडी बघावी तशा त्या फौजा उजेडात धरून बघितल्या. वज्रसेनेचे शिपाई रंगवलेले, तयार, दिसायला झकास. पण तलवारी मऊ, नखानं वाकणाऱ्या, आणि चेहरे सगळ्यांचे एकाच आईच्या पोटचे. कालदुर्गाचे शिपाई करडे, बिनरंगाचे, प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले. ते तोडून, जोडून, रंगवून घ्यायचे. मेहनत फार, पण एकेकाच्या कपाळावरची आठीसुद्धा वेगळी. वज्रसेनेशेजारी ते ठेवले तर डोकंभर उंच, म्हणून दोन्ही फौजा एका पटावर चालत नाहीत, असं जिनेशनं सांगितलं.

“ह्या वज्रसेनेच्या डब्यात आत कोण आहे ते लिहिलेलं का नाही?”

“ते उघडल्यावरच कळतं. सरदार निघाला तर नशीब. पोरं त्यासाठीच डबेच्या डबे घेतात.”

“मग हा जुगार झाला,” बाई म्हणाल्या आणि डबा बाजूला ठेवला. पण लगेच निकाल दिला नाही. नियमांची पुस्तकं मागितली. हिनानं मोबाईलवर त्यांचं मराठी करून दिलं, बाईंनी ते दोन दिवस वाचलं, आणि वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या शालिग्रामनानांना पटासमोर बसवलं. खेळल्याशिवाय माल कळणार कसा, असं त्यांचं म्हणणं.

आणि इथंच घोटाळा झाला. बाईंना खेळ आवडला.

आवडला म्हणजे साधासुधा नाही. लग्न होऊन फैजपूरहून धुळ्याला आल्यापासून बाईंनी काय करायचं ते कोणी ना कोणी ठरवत आलं होतं. सासू, नवरा, मग मुलगा, मग डॉक्टर. पटावर पहिल्यांदा असं झालं, की वीस माणसं त्या सांगतील तिथं जात होती, आणि चुकलं तर चूक त्यांची, जिंकलं तर जीत त्यांची. त्या जिंकू लागल्या. नाना हरायचे, चिडायचे, दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी हजर व्हायचे. बाईंची भूक वाढली, झोप सुधारली. हिना म्हणाली, “बाई, तुम्ही हल्ली गुणगुणता.” बाईंनी ते साफ नाकारलं.

दोन्ही खेळांतला खरा फरकही त्यांना पटावरच कळला. वज्रसेनेत समोरचा शेवटचा शिपाई उठेपर्यंत खेळ संपत नाही. कालदुर्गात धीराचा फासा असतो. माणसं फार उठली की उरलेल्यांचा धीर सुटतो, ती पळतात, आणि सरदार नीट वागला तर परतही येतात. बाईंना ते पटलं. माणसाला पळायची मुभा असलेली लढाई त्यांना जास्त खरी वाटली.

“मना बठ्ठा मानसे पळी गयात!” नाना कपाळावर हात मारायचे.

“येतील परत. बोलवा त्यांना प्रेमानं.”

मग पर्युषण जवळ आलं. रोज सकाळी जैन स्थानकात जाऊन बाई सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसत, अठ्ठेचाळीस मिनिटं, आसनावर, तोंडाला मुहपत्तीची पट्टी. एवढ्या वर्षांत त्यांचं मन क्वचित ढळलं होतं. त्या दिवशी नवकार मंत्र म्हणता म्हणता त्यांना टेकडी दिसली. टेकडीच्या डाव्या अंगाला नानांचे घोडेस्वार दिसले. त्यांना ओढ्यात कसं उतरवायचं याचा विचार पुरा झाला तेव्हा वाळूचं घड्याळ रिकामं झालं होतं. बाई घामाघूम झाल्या. चोरी करताना सापडावं तसं झालं त्यांना.

आपण नुसता माल पारखतोय, असं आता स्वतःला सांगून चालणार नव्हतं. दुकानात येऊन त्यांनी जिनेशला हाक मारली.

“लिही. वज्रसेना आपल्याकडे यायची नाही. बंद डब्यातला जुगार मी पोरांना विकणार नाही. कालदुर्ग ठेव. डब्यावर जे छापलंय तेच आत असतं. रविवारी दुकानात टेबल मांड, पोरांना खेळू दे. टेबलावर कोणी मेला म्हणायचं नाही, हा नियम मोठ्या अक्षरात लाव.”

जिनेशचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. “आणि बाबांचा नेम?”

“मोडला,” बाई म्हणाल्या. “मी मोडला. हत्यार ते हत्यार, बोटाएवढं असलं म्हणून ते चमचा होत नाही. मी स्वतःला फसवणार नाही आणि तूही मला फसवू नकोस. दुकान ठेवायचं ठरवलंय, तर त्याचा जो दोष लागेल तो मला लागेल.”

दुसऱ्या दिवशी त्या स्थानकात महासतीजींपुढे हात जोडून बसल्या. चातुर्मासाला आलेल्या त्या साध्वी वयानं हिनापेक्षाही लहान होत्या, पण त्यांचं बघणं धारदार होतं. बाईंनी सगळं सांगितलं. दुकान, फौजा, नेम.

“अशा धंद्याला मी हो म्हणणार नाही,” महासतीजी म्हणाल्या.

“परवानगी मागायला आले नाही, महासतीजी. काहीतरी सोडायला आले आहे. बाधा द्या, सोडायची शपथ द्या. आंबा सोडते जन्माचा.”

“आंबा खाता?”

बाई खाली बघू लागल्या. “साखर निघाली तेव्हापासून डॉक्टरांनी बंद केलाय.”

महासतीजींच्या मुहपत्तीआड हसू आलं असावं, कारण डोळे बारीक झाले. “मग आंबा डॉक्टरांनी सोडला. तुम्ही काय सोडणार? एकाच्या बदल्यात दुसरं, असा हा व्यवहार नाही. कर्म आपल्या जागी राहतं. पण सोडायचंच असेल तर जे गेल्यावर दिवस मोठा वाटेल, ते सोडा.”

दूध, तूप, नवीन साडी, माहेरचा फेरा, एकेक बाईंनी मनात उचलून बघितलं. कशानंही दिवस मोठा होणार नव्हता. उत्तर त्यांना घरून निघतानाच माहीत होतं, आणि म्हणूनच त्या आंब्याआड लपल्या होत्या. ते सोडायचं म्हणताना त्यांचा जीव तुटला. एवढा तो केवलचंदजी गेले तेव्हाही तुटला नव्हता, याची त्यांना लाज वाटली, पण तुटायचा तो तुटलाच.

“खेळ,” त्या म्हणाल्या. “तो फौजांचा खेळ. दुकानात माल असेपर्यंत मी खेळणार नाही.”

महासतीजींना खेळ कसला ते नीटसं समजलं नाही. बाईंचा चेहरा मात्र समजला. त्यांनी हात जोडायला सांगितले आणि पच्चक्खाण म्हणजे त्यागाची प्रतिज्ञा दिली. बाईंनी प्रत्येक शब्द त्यांच्यामागून स्पष्ट म्हटला.

नानांना हे सांगणं जास्त अवघड गेलं.

“आशी कशी बाधा?” नाना उसळले. “शेव सोडी द्या, गूळ सोडी द्या! तुम्हना बिगर काय मजा शे यामा?”

“शेव मला कुठं आवडते, नाना?” बाई म्हणाल्या आणि आत जाऊन चहा टाकला.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दुकान फुललं. पारोळ्याहून, शिरपूरहून पोरं आली. दारात चपलांचा ढीग पडला. कालदुर्गाचे डबे फळीवर ओळीनं लागले होते, जिनेशला बोलायला उसंत नव्हती, आणि हिना रंगांच्या बाटल्या दाखवत होती. जळगावचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. धनकुंवरबाई काउंटरवर पुडे बांधत होत्या. पोरांमध्ये त्यांची कीर्ती आधीच पोचली होती. अभिमन नावाचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा खास त्यांच्याशी खेळायला आला होता. बाईंनी त्याला नानांसमोर बसवलं.

नाना चांगले खेळले. बाईंच्याच युक्त्या होत्या, पण चांगले खेळले. मग अभिमननं आपली डावी बाजू मोकळी सोडली. नानांनी घोडेस्वार उचलले, आणि हात हवेतच थांबला. ही जागा आपण कुठंतरी बघितली आहे, एवढं त्यांना कळत होतं, पुढचं कळत नव्हतं. त्यांनी वळून काउंटरकडे बघितलं.

“अक्का, आते काय करू?”

टेबलाभोवतीची सगळी पोरं बाईंकडे बघू लागली. बाईंना इथूनही टेकडी दिसत होती. टेकडीमागे काय आहे तेही दिसत होतं, आणि त्यावरचा तोडगाही. तो त्यांच्या ओठावर आला. सुतळी धरलेला हात नकळत पुढं झाला होता, तो त्यांनी मागं घेतला.

“मला विचारू नका, नाना,” त्या म्हणाल्या. “सांगणं म्हणजेही खेळणंच झालं.”

नानांनी मान हलवली आणि ते पटाकडे वळले. धनकुंवरबाईंनी आपलं स्टूल उचललं, फिरवून रस्त्याकडे तोंड केलं आणि त्यावर बसल्या. मागं फासे पडल्याचा आवाज आला, पोरं ओरडली. कोणाचं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. मांडीवरच्या पुड्याला त्यांनी गाठ मारली, दात लावून सुतळी तोडली आणि दुसरा पुडा घेतला.